कोयत्याच्या हंगामाआधी शिलाईची बॅच

ऊसतोडीच्या गावात शिवणकामाची बॅच घ्यायची तर ती दसऱ्याच्या आत संपावी लागते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांवर निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं नि काही मुलं एवढीच उरतात. पण खरी घाई असते उचलीची, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशाची. जून-जुलैपासून मुकादम उचल वाटायला लागतो. पेरणी, वह्या-पुस्तकं, दवाखाना, सगळं त्या पैशातून निघतं. एकदा उचल घेतली की हातात प्रमाणपत्र असलं तरी फडात जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून एकट्या बाईचा अर्धा कोयता. विधवा आणि परित्यक्ता बायका वर्षानुवर्षं अर्ध्या कोयत्यावर जातात.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात २०२४ च्या एप्रिलपासून २०२५ च्या मार्चपर्यंत अशा ११ एकल महिलांसोबत आम्ही दोघी-तिघी या प्रक्रियेतून गेलो. ७ विधवा, ४ परित्यक्ता. शिक्षण चौथी ते दहावी. ज्यांना हेच पुढे करायचंय त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय.

एप्रिल-मे: कुठे शिकायचं

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या आणि १४-१५ तारखेपासून बसणं सुरू झालं. पर्याय तीन होते. आयटीआयचा शिवणकामाचा अभ्यासक्रम वर्षभराचा, रोज तालुक्याला जायचं. लहान मूल असलेल्या, रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला ते जमत नाही. जन शिक्षण संस्थान १५ ते ४५ वयोगटाला घेतं आणि शिक्षणाची अट जवळजवळ नसते, त्यामुळे निरक्षर बाईसाठी तो मार्ग चांगला. तिसरा पर्याय आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ती प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँक चालवते. तेव्हा वयाची अट १८ ते ४५, प्रशिक्षण, जेवण, राहणं सगळं मोफत, महिलांच्या शिवणकामाची बॅच ३० दिवसांची. नंतर दोन वर्षं पाठपुरावा आणि बँकेच्या कर्जाला जोडून देणं हेही त्यांच्या कामातच येतं. आम्ही आरसेटी निवडली ती या शेवटच्या मुद्द्यासाठी.

निवासी बॅच जिल्ह्याच्या ठिकाणी होती. मूल सोबत नेता येणार नाही हे पहिल्याच फोनवर कळलं आणि ११ पैकी ८ जणी तिथेच गळाल्या असत्या. म्हणून गावातच बॅच मागितली. संस्थेची अट होती ३५ जणींची पूर्ण बॅच, लाईट असलेला हॉल, स्वच्छतागृह आणि हजेरीच्या मशीनला पुरेल एवढी रेंज. उरलेल्या २४ जणी गावातल्या बचत गटांतून मिळाल्या. उमेद अभियानाचं गावातलं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंनी ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या बैठकीत ठराव घेतला आणि ग्रामपंचायतीने समाजमंदिर दिलं. मागणीचं पत्र ग्रामसंघाच्या लेटरहेडवर असेल तर काम लवकर हलतं, एकट्यादुकट्या व्यक्तीच्या अर्जाला तेवढं वजन पडत नाही.

मात्र लोकसभेची आचारसंहिता ६ जूनपर्यंत होती. नवीन बॅचची तारीख त्याआधी मिळेना. हे दोन महिने वाया गेले नाहीत, कारण कागदपत्रांनाच तेवढा वेळ लागला.

मे ते जुलै: नाव

सगळ्यात जास्त दिवस नावाने खाल्ले. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, रेशन कार्डावर दिराच्या कुटुंबात तिसरंच स्पेलिंग. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये. ११ पैकी ९ जणींचं असंच होतं.

बहुतेक जण आधी आधार बदलायला धावतात. तसं करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि लग्नानंतरचं नाव लावायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र लागतं. परित्यक्ता बाईकडे ते कुठून येणार? आधारवर जे नाव आहे ते तसंच ठेवून बँक, पॅन, रेशन त्याच्याशी जुळवून घेणं सोपं आणि स्वस्त पडतं. बँकेत आधारची प्रत आणि एक अर्ज, ८ ते १५ दिवसांत नाव बदलून मिळालं. फक्त दोघींच्या आधारवर नावच साफ चुकीचं छापलेलं होतं. त्यांच्यासाठी ५० रुपये भरून दुरुस्ती केली.

आधारला जोडलेला मोबाईल नंबर हे दुसरं दुखणं. विधवांच्या आधारवर बहुधा मयत नवऱ्याचा नंबर असतो आणि ते सिम कधीच बंद पडलेलं असतं. ओटीपी येत नाही म्हणजे पॅन नाही, उद्यम (लहान धंद्याची सरकारी नोंद) नाही, काहीच नाही. नंबर बदलायला आम्हाला आधार केंद्रावर स्वतः जावं लागलं, त्यालाही तेव्हा ५० रुपये लागले. हे सगळ्यात आधी करा. नंबर जोडला गेला की आयकराच्या संकेतस्थळावरून ई-पॅन विनामूल्य आणि लगेच निघतं. गावात त्यासाठी २०० ते ३०० रुपये घेतात, ते देऊ नका.

मृत्यूचा दाखला. नवरा ऊसतोडीवर असताना दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात वारला असेल तर नोंद तिथलीच असते, कारण मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. गावच्या ग्रामपंचायतीत फेऱ्या मारून उपयोग नाही. आमच्यातल्या तिघींचे दाखले असे बाहेरचे होते. एकीचा जाण्या-येण्यात ७८० रुपये खर्च आणि दोन दिवसांची मजुरी गेली. एकीच्या नवऱ्याची नोंदच झाली नव्हती, आणि वर्ष उलटून गेलं असलं की त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तिचा दाखला बॅच संपेपर्यंतही आला नाही. सुदैवाने प्रशिक्षणाला तो लागत नाही, पण कर्जाच्या वेळी लागला. ते पुढे येईलच.

रेशन कार्डावरचं नाव दिराच्या कुटुंबातून कमी करून वेगळं कार्ड काढायला घरातून विरोध होतो. दिराला वाटतं, वहिनी आता जमिनीचा हिस्सा मागणार. इथे कागदापेक्षा माणसं सांभाळावी लागतात. ग्रामसंघाच्या अध्यक्षा मावशी दोन घरी स्वतः जाऊन बसल्या आणि "हे धान्यापुरतं आहे, सातबाऱ्याचा याच्याशी संबंध नाही" असं चारचौघांत बोलल्या. वेगळं कार्ड असलं तर योजनांमध्ये बाईचं कुटुंब वेगळं धरलं जातं. पीएम विश्वकर्मामध्ये तर एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो.

विश्वकर्माबद्दल इथेच सांगते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत, शिंपीकाम त्यात येतं. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, साहित्यासाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. पण ती आधीपासून हाताने तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, नव्याने शिकणाऱ्यांसाठी नाही. गावात मात्र तिला 'फुकट शिलाई मशीन' म्हणतात आणि त्या नावाने १०० रुपयांना झेरॉक्स फॉर्म विकले जातात. नोंदणी जनसेवा केंद्रावर अंगठ्याने होते आणि ती विनामूल्य आहे. कागदी फॉर्म कुणी विकत असेल तर तो फसवतोय असं समजा.

१ जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि सेतू, तलाठी, बँक सगळीकडे रांगा लागल्या. सर्व्हर चालेना. आमची चार कामं तीन आठवडे अडली. त्या गर्दीत एक चांगलंही झालं. प्रत्येकीचं खातं आधारशी नीट जोडलंय का हे तपासलं गेलं. खात्याला आधार 'लिंक' असणं आणि सरकारी पैसे त्या खात्यात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार अनेक खात्यांना जोडता येतं, पण थेट लाभाचे पैसे येतात ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत शेवटी जोडलेल्या एकाच खात्यात. मोबाईलवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला की कुठल्या बँकेला जोडलंय ते दिसतं. दोघींचे पैसे मायक्रोफायनान्सवाल्यांनी कधीकाळी उघडून दिलेल्या, त्यांना आठवतही नसलेल्या खात्यात जाऊन पडले होते.

आणि एक भीती सगळ्यांच्याच मनात होती, ट्रेनिंग घेतलं तर निराधारचा पगार बंद होईल. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये प्रशिक्षण घेतल्याने बंद होत नाहीत. हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा, नाहीतर नावं दिलेल्या बायका ऐनवेळी काही न बोलता येईनाशा होतात.

२८ ऑगस्ट ते ७ ऑक्टोबर: बॅच

३५ बायका, १५ मशीन. वेळ १० ते ५. एका मशीनवर दोघी-तिघी म्हणजे प्रत्यक्ष पाय चालवायला मिळाला दिवसाला दोन-अडीच तास. ज्यांच्या घराशेजारी जुनी मशीन होती त्या पुढे गेल्या. आम्ही दुसऱ्या आठवड्यापासून गावातल्या चार बंद पडलेल्या पायमशीन तेलपाणी करून, पट्टा बदलून संध्याकाळी वापरायला मिळवल्या. एका मशीनला ३५० रुपये खर्च आला. हे पहिल्या दिवसापासूनच करायला हवं होतं.

हजेरी अंगठ्यावर. कोयता आणि उसाच्या पाल्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. पाच जणींची पहिल्या तीन दिवसांची हजेरी लागली नाही. दहाही बोटं लावून बघितली तर एखादं करंगळीजवळचं बोट चालतं. तेच ठरवून ठेवायचं. रात्री बोटांना खोबरेल चोळून सकाळी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, याने तिघींचं काम झालं. एकीचे ठसे १०० रुपये भरून नव्याने घ्यावे लागले. एकीला कशानेच जमेना, तिच्यासाठी संस्थेकडून लेखी हजेरीपट मान्य करून घेतला. तोंडी होकारावर थांबू नका, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत.

पहिले पाच दिवस फक्त मशीन: सरळ टीप, वळणाची टीप, कागदावर बिनदोऱ्याची टीप. खालून दोऱ्याचा गुंता झाला की सगळ्या बॉबिनलाच दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा ताण सैल असतो. टाके सुटत असतील तर आधी सुई बघावी. ती वाकलेली असते किंवा चपटी बाजू उलटी लागलेली असते. एवढ्या दोन गोष्टी समजल्या तरी बाई कारागिरावर अवलंबून राहत नाही. गावात मशीन दुरुस्तीला माणूस आणायचा तर २०० रुपये आणि आठवडाभर वाट बघणं.

मग परकर, झबलं, लहान मुलींचा फ्रॉक, पंजाबी ड्रेस आणि शेवटी ब्लाउज. वेळापत्रकात ब्लाउजला ८ दिवस होते. ते पुरत नाहीत, आणि गावात पैसे मिळतात ते ब्लाउजचेच. चौथी शिकलेल्या बाईला छातीच्या मापाचा चौथा भाग काढणं जड जातं. ३४ चा चौथा भाग साडेआठ, पण ३५ चा पावणेनऊ, हे टेपवर दिसत असलं तरी डोक्यात बसत नाही. शिकवणाऱ्या ताईंनी टेपच चार घड्या करून दाखवली आणि अडचण सुटली. कापताना माया (शिवणीत ठेवायचं जास्तीचं कापड) सोडायला विसरणं ही सगळ्यात महागाची चूक. बाजूला दीड इंच माया असेल तर घट्ट झालेला ब्लाउज उसवून सैल करता येतो. नसेल तर कापड भरून द्यावं लागतं, आणि पैठणीच्या काठाचं कापड भरून देता येत नाही. अस्तराचं सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि ब्लाउजला चुण्या पडतात. सरावासाठी आधी वर्तमानपत्र, मग जुन्या साड्या. संस्थेचं कापड मोजकंच असतं.

पोळा, गौरी-गणपती, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असे सणवार धरून बॅच लांबली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस असा होता की दोन दिवस लाईटच नव्हती. लहान मुलांसाठी समाजमंदिराच्या ओट्यावर ग्रामसंघाने एका आजींना रोज १०० रुपयांवर बसवलं. ३० दिवसांचे ३,००० रुपये. सगळ्या प्रक्रियेत याहून उपयोगी खर्च दुसरा झाला नाही.

८ ऑक्टोबरला परीक्षा. बाहेरचे परीक्षक येतात, थोडं तोंडी, बाकी प्रात्यक्षिक. ११ पैकी १० जणी पास झाल्या. एकीने तिसऱ्या आठवड्यात येणं सोडलं होतं, सासू आजारी होती आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं.

ऑक्टोबर ते जानेवारी: खरी कसोटी

प्रमाणपत्र आलं म्हणजे कमाई सुरू झाली असं होत नाही. सुरुवातीला एका अस्तराच्या ब्लाउजला ४ ते ५ तास लागतात, हात बसला की दोन. आमच्या गावात अस्तराच्या ब्लाउजला २५० रुपये मिळतात. त्यातून अस्तर, हुक, दोरा मिळून ७५-८० जातात. साध्याला १२० आणि फॉल-पिकोला ७०. पहिले तीन महिने हिशोब ठेवला तेव्हा महिन्याला हातात १,८०० ते २,६०० रुपये पडत होते. या पैशावर कुणालाही मुकादमाला नाही म्हणता येत नाही. हा तीन महिन्यांचा खड्डा कशाने भरायचा हे एप्रिलमध्येच ठरलं पाहिजे. आमच्याकडे निराधारचे किंवा लाडक्या बहिणीचे १,५०० (दोन्ही एकदम मिळत नाहीत), वेगळ्या कार्डाचं रेशन आणि गटातून ५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज एवढ्यावर सात जणी टिकल्या. एकीने जुलैतच मुलाच्या दवाखान्यासाठी उचल घेतली होती. नोव्हेंबरच्या मतदानानंतर ती टोळीबरोबर गेली. तिच्या प्रमाणपत्राला त्या हंगामात काहीच उपयोग नव्हता. गटाचं कर्ज जुलैत दिलं असतं तर ती थांबली असती. आम्ही ते ऑक्टोबरमध्ये दिलं.

मशीनसाठी मुद्रा योजनेतल्या शिशु गटाचे अर्ज केले. ५०,००० पर्यंत कर्ज, तारण लागत नाही. आरसेटी अर्ज शाखेकडे पाठवते, सोबत प्रमाणपत्र, आधार, पॅन, दुकानाचं कोटेशन आणि उद्यमची नोंद. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. कोटेशन आम्हाला असं पडलं: स्टँडसह पायमशीन ७,२००, मोटर १,६००, पिको मशीन ९,५००, कात्री, इस्त्री, टेबल मिळून ४,०००. बाकी कापड आणि अस्तराचं भांडवल धरून ३०,००० मागितले. तीन वर्षांच्या मुदतीने हप्ता हजाराच्या आसपास बसतो.

सहा अर्जांपैकी तीन परत आले. कारण सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या जुन्या नोंदी. नवऱ्यासोबत घेतलेलं जुनं मायक्रोफायनान्सचं कर्ज थकीत दिसत होतं. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या कर्जांवर सहसा विमा असतो आणि तो कर्जदाराबरोबर जोडीदाराच्या मृत्यूलाही लागू असतो. मृत्यूचा दाखला देऊन दावा केला की उरलेलं कर्ज मिटतं. तो दावा कुणी केलेलाच नसतो. दोघींनी डिसेंबरमध्ये दावा केला, फेब्रुवारीत कर्ज बंद झाल्याचं पत्र मिळालं. तिसरीचा मृत्यूचा दाखलाच नव्हता, ती अजून अडकलेली आहे. कर्जाचा अहवाल सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मे महिन्यातच काढा. बँकेने नाकारल्यावर काढला तर तीन महिने हातचे जातात.

नकार तोंडी घेऊ नये. अर्जाची पोच आणि नकाराचं कारण लेखी मागावं. पहिल्या फेरीत आम्हाला "नंतर या" एवढंच उत्तर मिळालं होतं. पोच घेतल्यावर तीन अर्ज १७ जानेवारीला मंजूर झाले.

कारखान्यात जायचं असेल तर

दोघींनी सोलापूरला गणवेशाच्या कारखान्यात काम धरलं. तिथली विजेवरची मशीन पायमशीनपेक्षा कितीतरी वेगाने पळते, पहिल्या आठवड्यात टीप हातातून सुटते. शक्य असेल तर बॅचच्या शेवटी चार दिवस तशा मशीनवर बसायला मिळेल असं संस्थेला सुचवा. तिथे अख्खा शर्ट शिवायचा नसतो. एकीने कॉलर, दुसरीने खिसा. जाण्याआधी फोनवरच विचारायचं: मजुरी रोजावर की नगावर, पीएफ आणि ईएसआय कापतात का, पाळणाघर आहे का, रात्री थांबावं लागतं का, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती कायद्याने बंधनकारक आहे, ५० किंवा जास्त असतील तिथे पाळणाघरही. राहण्याची सोय आधी बघून यावी, मुलांच्या शाळेचा दाखला नंतर काढावा.

मार्च २०२५ ची स्थिती

चौघी घरी शिवतात, महिन्याला साडेतीन ते पाच हजारांपर्यंत. दोघी सोलापुरात. दोघी तालुक्याच्या दुकानात फॉल-पिको आणि हुक-काज करतात, नगावर. एक स्वतःचं काही करत नाही, पण शेजारणीच्या मशीनवर परकर शिवून देते. एक फडातून परत यायची आहे, आणि जिची बॅच सुटली तिचं नाव पुढच्या यादीत सगळ्यात वर आहे.

शाळेच्या गणवेशाचं काम २०२४-२५ मध्ये वरूनच ठरलं होतं. आता ते पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलंय, दोन गणवेशांना मिळून ६०० रुपये. समितीची बैठक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. एक शर्ट आणि एक स्कर्ट नमुना म्हणून शिवून, इस्त्री करून, दराचं पत्र जोडून चौघी मुख्याध्यापकांकडे ठेवणार आहेत.